नदीकाठी घर बांधतोय, पण पुराच्या रिपोर्टमधलं ओ की ठो कळत नाही

कुळागरातला_क्लार्क

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळवंटी नदीच्या काठी आमची आजोबांच्या वाटणीची जागा आहे, केरी ते सांखळीच्या मधे कुठेतरी म्हणा, नेमकं गाव सांगत नाही कारण चुलते पण इथे वाचतात. पुढे साठ-सत्तर मीटरवर नदी, मागे डोंगर, आणि बाजूने एक व्हाळ उतरतो, मार्चमधे त्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि जुलैत त्याच्या आवाजाने झोप लागत नाही. जुना गोठा अजून उभा आहे, त्याच्या बाजूला घर बांधायचंय. लोन झालं, प्लॅन झाला, आणि मित्राने घाबरवलं म्हणून एका कन्सल्टंटकडून पुराचा रिपोर्ट करून घेतला. चोवीस पानं, रंगीत नकाशे, आणि शेवटी एक ओळ, की ५० वर्षांच्या पुराची पातळी १४.६ मीटर, प्लिंथ (घराचं जोतं) १५.० मीटरला ठेवावा.

आता १५ मीटरचा प्लिंथ म्हणजे पाच मजले ना? मी त्याला फोन केला तर म्हणाला तसं नसतं, आणि तसं म्हणजे कसं ते न सांगताच मीटिंगला गेला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दोन फूट प्लिंथ पुरे, एवढं कोण घाबरतं. आई म्हणते २०२१ ला गोठ्यात गुडघ्याच्या वर पाणी होतं, तिच्या लग्नानंतर एवढं पहिल्यांदाच. म्हणजे ५० वर्षांचा पूर २०२१ ला येऊन गेला, आता २०७१ पर्यंत निवांत, असं समजायचं का? आणि रिपोर्टमधे सगळं डोंगराबद्दलच लिहिलंय, खोरं, उतार, झाडी, माती. माझी जागा तर खाली सपाटीला आहे. कोणाला यातलं कळत असेल तर साध्या भाषेत सांगा प्लीज.

सडेकर

जागा विक आणि मडगावात फ्लॅट घे. तिथे पण पाणी येतं, पण निदान सोसायटीच्या नावाने बोंब मारता येते.

पाण्याचा_हिशोब

सडेकर, तुझं दरवेळी हेच असतं 😀

कुळागरवाले, मी काही वर्षं घाटाखालच्या छोट्या पुलांचे आणि साकवांचे हिशोब केलेत त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

पहिलं तुझे पाच मजले. ते १४.६ समुद्रसपाटीपासून आहेत, तुझ्या अंगणापासून नाहीत. अंगण स्वतःच समुद्रसपाटीपासून किती वर आहे ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. रिपोर्टमधे जागेची पातळी लिहिलेली असणार, नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे. सर्व्हेवाल्याला बोलावून जवळच्या बेंचमार्कवरून (उंची आधीच मोजून ठेवलेली खूण) अंगणाची आणि गोठ्याच्या उंबऱ्याची लेव्हल काढून घे. आणि ही लेव्हल उपग्रहाच्या फुकट नकाशावरून काढलेली नाही ना ते आधी विचार, कारण तो ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची देतो, आणि आपल्याकडे खाली कुळागर असलं की त्याला पोफळींचे शेंडे दिसतात, जमीन नाही. मी एकदा असा नकाशा बघितलेला ज्यात नदीच्या काठी कुळागराच्या जागी चक्क टेकडी उगवली होती आणि त्यामुळे मागचं शेत पुरापासून सुरक्षित दाखवलं होतं.

आता डोंगर. तुझ्या जागेवर किती पाऊस पडला ते जवळजवळ विसरून जा. तुझ्या दारात येणारं पाणी चोर्ल्याच्या बाजूला दोन-तीन तासांपूर्वी पडलेलं असतं. अरबी समुद्रावरून येणारी वाफ सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि उतारावर ओतते, म्हणून किनाऱ्यावर पडतो त्यापेक्षा वाळपईला जास्त आणि वर घाटाच्या तोंडाला त्याहून जास्त. आणि गंमत अशी की पर्जन्यमापकं कुठे असतात तर जिथे माणसं राहतात तिथे, म्हणजे खाली. जिथे सगळ्यात जास्त पडतो तिथे मोजायला कोणी नाही. खालच्या एकाच केंद्राचा पाऊस सगळ्या खोऱ्याला लावला असेल तर पूर कमीच निघणार, हे कन्सल्टंटला नक्की विचार.

दुसरी भानगड म्हणजे रोजचा आकडा सकाळी साडेआठला घेतात, चोवीस तासांचा एकदम. हवामान खात्याच्या भाषेत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. पण २०० मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडले तर तुझी नदी फुगेल आणि उतरेल, आणि त्यातले १२० पहाटेच्या दोन तासांत कोसळले तर गोठा गेला. रोजच्या आकड्यात दोन्ही दिवस सारखेच दिसतात. शिवाय सकाळी सात ते दहा कोसळला तर त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या तारखांना जातात आणि कागदावर दोन साधे दिवस दिसतात!

आता दोन-तीन तास हा आकडा कुठून आला. खोऱ्याच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं पाणी तुझ्यापर्यंत यायला लागणारा वेळ, त्याचं किरपिचचं एक जुनं सूत्र आहे. अंदाजाने वरून तुझ्यापर्यंत २० किमी लांबी आणि ७०० मीटर उतार धरला तर साधारण १४५ मिनिटं येतात. सूत्र छोट्या खोऱ्यांसाठी आहे, तेव्हा त्याला अंदाजच समज, पण मतलब कळतो. गोदावरी-कृष्णेच्या खालच्या अंगाला पूर यायला दिवस लागतात, टीव्हीवर बातमी बघून सामान हलवता येतं. आपल्याकडे रात्री जेवून झोपलेला माणूस पहाटे पाण्यात उठतो. त्यात वर उभा उतार आणि घाट संपला की एकदम सपाटी, म्हणजे धावत आलेलं पाणी तुझ्या जागेजवळ येऊन दम टाकतं आणि पसरतं. डोंगराबद्दल लिहिलंय ते म्हणूनच, जागा सपाटीला असली तरी पूर डोंगरातच तयार होतो. हिमालयात याच्यावर बर्फ आणि हिमतलाव आणखी असतात, २०२३ ला सिक्कीममधे दक्षिण ल्होनक तलाव फुटला आणि तीस्तेवरचं धरण गेलं ते तसलं प्रकरण. आपल्याकडे तेवढं तरी नाही.

मातीचं पण बघ. जूनच्या पहिल्या पावसात चिऱ्याचा सडा आणि जंगल पाणी पितात, जुलै अर्ध्यावर आला की पोट भरलेलं असतं. कर्व नंबर नावाची पद्धत असते, मातीला आणि झाडीला मिळून एक आकडा द्यायचा, आकडा जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहून येतं. तोच १५० मिलिमीटर पाऊस, कोरड्या मातीला ५५ धरले तर ३७ मिलिमीटर वाहून नदीला येतात, भिजलेल्या मातीला ७५ धरले तर ८१ येतात. पाऊस तोच आणि पूर दुपटीपेक्षा जास्त. रिपोर्टमधे कुठला नंबर धरलाय तो बघ, सरासरीचा धरला असेल तर जुलैच्या शेवटासाठी तो उपयोगाचा नाही.

आणि २०७१ पर्यंत निवांत, हे डोक्यातून काढ. ५० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी २ टक्के शक्यता असलेला पूर, एवढंच. नदी वही घेऊन बसलेली नसते. २०२१ ला आला तसा पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. १०० वर्षांचा धरला तरी तुझं लोन संपेपर्यंतच्या ३० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते, आणि २५ वर्षांचा धरला तर ७० टक्के. बँकेत आहेस ना, चक्रवाढीचंच गणित आहे, स्वतः करून बघ.

तेरेखोल_ते_तळपण

हे सगळं ठीक पण मूळ प्रॉब्लेम धरणं आहेत. न सांगता पाणी सोडतात आणि लोक बुडतात. डोंगर आणि माती काय पूर्वी नव्हती का?

दोडामार्गकर

अहो आम्ही तिळारीच्या खालीच राहतो, त्यामुळे धरणाबद्दल आम्हाला शिकवू नका. ऑगस्ट २०१९ ला तिळारीचं पाणी उतरलं आणि खाली पेडण्यात इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीत साळ, सगळीकडे घरं-शेतं पाण्यात. तेव्हा आम्ही पण शिव्या दिल्या. पण धरणाचं असं असतं की जून-जुलैत ते रिकामं असतं तेव्हा वरचा पूर पोटात घेतं, खाली फायदाच होतो. एकदा भरलं की मग जेवढं वरून येतं तेवढं सोडावंच लागतं, नाहीतर धरणच धोक्यात. म्हणजे पूर धरण तयार करत नाही, पण भरलेलं धरण तो थांबवत पण नाही, आणि लोक मधल्या वर्षांत नदीच्या जवळ सरकलेले असतात कारण वाटतं वर धरण आहे. दरवाजे एकदम उघडले तर मात्र पाणी झपकन चढतं, त्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, भोंगा आणि मेसेज वेळेवर यायलाच पाहिजे.

कुळागरवाल्यांच्या वरती अंजुणेचं धरण आहे. पावसाळ्यात ते किती भरलंय हे पेपरात येतं, जुलै संपताना त्यावर लक्ष ठेवा.

आणि धरण नसताना काय होतं ते बघायचं तर २ ऑक्टोबर २००९ चं काणकोण आठवा. तळपण, गालजीबाग या केवढ्याशा नद्या. पाऊस जाता जाता डोंगरात कोसळला, दरडी आल्या, आणि काही तासांत काणकोण पाण्याखाली. तिथे कुठल्या दरवाजाला दोष देणार?

तेरेखोल_ते_तळपण

ओके ते काणकोणचं मान्य. पण भोंग्याचा मुद्दा माझाच होता.

सांखळीची_बाय

मला सूत्रं-बित्रं कळत नाहीत पण आमचं दुकान सांखळी बाजारात होतं, लहानपणापासून पूर बघितलाय म्हणून सांगते. बाजारात पाणी येतं ते दरवेळी नदी काठावरून उडी मारून येतं असं नाही. नदी वर चढली की बाजारातला नाला नदीत जाऊच शकत नाही, तो उलटा फिरतो आणि मागून दुकानात शिरतो. म्हणून तर तिथे पंप बसवलेत, नाल्याचं पाणी उचलून नदीत टाकायला. तुझ्या बाजूचा व्हाळ पण तेच करणार, पुढे नदी तुंबली की तो तुझ्या अंगणात येऊन बसेल. रिपोर्टमधे फक्त नदीचा हिशोब केलाय की व्हाळाचा पण केलाय ते बघ आधी.

दुसरं भरती-सुकती. तू वर आहेस म्हणून तुला खारं पाणी दिसत नसेल, पण आपली वाळवंटी जिला मिळते त्या मांडवीत भरतीचा जोर खूप आतपर्यंत येतो, गांज्यापर्यंत म्हणतात. खाली भरती असली की वरचं पाणी उतरायला जागाच नसते. २०२१ चा पूर आठव, २३ जुलै, दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. म्हणजे पुनवेची मोठी भरती आणि वरून डोंगराचं पाणी, दोन्ही एकाच वेळी. त्याच दिवशी दूधसागरजवळ दरड पडून ट्रेन घसरली, पैकुळचा पूल पडला. सरकारनेच १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हटलेलं. आमचे आजोबा पावसाळ्यात पंचांग उघडून पुनव आणि उमास कधी ते बघायचे आणि त्याप्रमाणे खालच्या फळीवरचा माल वर ठेवायचे, आम्ही हसायचो.

आणि रिपोर्टपेक्षा आईवर विश्वास ठेव. गोठ्याच्या भिंतीवर रेघ राहिली असेल, चिऱ्यावर गाळाचा डाग वर्षानुवर्षं जात नाही. ती रेघ शोध. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचार, एकत्र बसवून विचारलंस तर सगळे पहिल्याचंच बोलतील. तुळशीच्या कितव्या पायरीला पाणी होतं असं विचारायचं, किती फूट असं नाही.

पाण्याचा_हिशोब

बाय, सलाम. रेघेचं एकदम शंभर टक्के. आमच्या कामात पण जिथे नदी मोजणारं केंद्र नाही तिथे हेच करतात. पुराची रेघ, नदीची रुंदी, तळाचा उतार, आणि तळ किती खडबडीत आहे त्याचा एक आकडा, यावरून मॅनिंगच्या सूत्राने पूर किती होता ते उलटं काढायचं. उदाहरणार्थ पात्र ४० मीटर रुंद, पाणी ५ मीटर खोल, हजार मीटरला एक मीटर उतार, खडबडीतपणा ०.०४ धरला तर वेग सेकंदाला २ मीटर आणि पाणी सेकंदाला ४०० घनमीटर. पाणी एवढं पळत असेल तर गुडघाभर असलं तरी माणूस उभा राहत नाही, हे पण लक्षात ठेव.

फक्त एक सावधगिरी. रेघ कधीकधी नदीची नसते, अडथळ्याची असते. डोंगरातल्या पुराबरोबर ओंडके, बांबू, अख्खी झाडं येतात आणि खालच्या साकवाला अडकतात, मग वरचं पाणी एक-दीड मीटर उगाच चढतं. सूत्राला ओंडका दिसत नाही. तुझ्या खाली साकव असेल तर २०२१ ला तिथे काय अडकलेलं ते विचार.

कुळागरातला_क्लार्क

मंडळी तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी, पण कामं करून आलोय.

सर्व्हेवाला आणला. अंगण १४.५ मीटर. म्हणजे रिपोर्टचा १५.० चा प्लिंथ म्हणजे अंगणापासून फक्त अर्धा मीटर, आणि मी पाच मजले समजत होतो. गोठ्याच्या आत मागच्या भिंतीला रेघ सापडली, गवताच्या पेंढ्यांमागे होती म्हणून इतकी वर्षं दिसली नाही. लेव्हल ट्यूब लावून मोजलं, १५.१. परत मोजलं, १५.१. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या दोन फुटांवर घर बांधलं असतं तर २०२१ ला पाणी बरोबर लादीला लागलं असतं, आणि रिपोर्टप्रमाणे बांधलं असतं तर हॉलमधे चार बोटं पाणी. आईला सांगितलं तर म्हणाली चोवीस पानांचे पैसे मला दिले असतेस तर मी एका वाक्यात सांगितलं असतं.

म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारलं. तिघांपैकी दोघांनी सांगितलं की खालच्या साकवाला फणसाचं झाड आडवं अडकलं होतं, आणि ते सुटल्यावर पाणी तासाभरात उतरलं. तिसरा म्हणाला सगळी कर्नाटकची चूक, तो म्हादईबद्दल बोलत होता, मी मान हलवून चहा पिऊन आलो.

कन्सल्टंटला परत फोन केला, या वेळी प्रश्न लिहून. पाऊस खालच्या एकाच केंद्राचा, रोजचा. मातीचा नंबर सरासरीचा. व्हाळ धरलेलाच नाही. ओरडला नाही, उलट म्हणाला तुम्ही इंजिनियर आहात का. सुधारून देतो म्हणालाय.

तेव्हा आता प्लिंथ साडेचार फूट ठरवलाय, म्हणजे १५.८ च्या वर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मग सगळ्या जागेतच मातीचा भराव टाकू, आणि व्हाळाला ९०० मिलिमीटरचा सिमेंट पाइप घालून वरून अंगण करू, गाडी लावायला जागा होईल. स्वस्तात होतंय. करू का?

पाण्याचा_हिशोब

नको!! दोन्ही नको.

भराव टाकलास तर ते पाणी कुठेतरी जाणारच, म्हणजे चुलत्यांच्या बाजूला, आणि ते इथे वाचतात म्हणालास. घर खांबांवर घे, खालून पाणी जाऊ दे, गाडी पण खालीच लाव आणि पावसाळ्यात पुनवेला वर रस्त्यावर नेऊन ठेव.

पाइपचा हिशोब करून दाखवतो. व्हाळाच्या मागे किती डोंगर आहे ते मला माहीत नाही, दीड चौरस किलोमीटर धरू. तासाला ८० मिलिमीटरची सर, आणि भिजलेल्या उतारावरून ७० टक्के पाणी वाहतं असं धर. ०.२७८ (हा फक्त एककं जुळवायचा आकडा) गुणिले ०.७ गुणिले ८० गुणिले १.५, म्हणजे सेकंदाला २३ घनमीटर. तुझा ९०० चा पाइप तुडुंब भरून सेकंदाला ३ मीटर वेगाने पळाला तरी २ घनमीटर पण जात नाही. असले बारा पाइप लागतील, आणि ते पण त्यात एकही झावळ न अडकता. उरलेले २१ घनमीटर तुझ्या नव्या अंगणावरून जातील.

दीड चौरस किलोमीटर हा माझा अंदाज आहे, सर्व्हेवाल्याकडून नेमकं काढून घे. अर्धा निघाला तरी सहा पाइप.

सांखळीची_बाय

आणि व्हाळ बुजवून वरून अंगण केलंस तर पोरं मार्चमधे क्रिकेट कुठे खेळणार?

कुळागरातला_क्लार्क

ओके पाइप कॅन्सल. व्हाळ आहे तसा, गाडीसाठी वरच्या अंगाला दगडी साकव बघतो, मधे खांब न घेता. कॉन्ट्रॅक्टर नवीन शोधतोय, वाळपईच्या बाजूचा कोणी असेल तर मेसेज करा.